सागवान तोच, घाट वेगळा

कुलूप उघडलं, लॅच फिरला, पण दार काही हलेना. दादानं खांदा लावला, मग मी लावला, मग वहिनीनं आम्हा दोघांना बाजूला करून एक सणसणीत धक्का दिला. दार वीतभर उघडलं आणि तिथेच रुतून बसलं. फटीतून आधी वास आला, ओल्या गोणपाटासारखा. नंतर मोबाईलचा टॉर्च आत मारला तेव्हा कळलं की दाराला अडवणारा चोर वगैरे कुणी नव्हता. फ्लोअरिंगच दाराला आडवं आलं होतं.

२०२२ सालची ही गोष्ट. वाईला आजोळी दीड दिवसाचा गणपती विसर्जन करून आम्ही दुसऱ्या दिवशी पाचगणीला चढलो होतो, दादाचं नवं वीकेंड होम उघडायला. दादा म्हणजे माझा मामेभाऊ. तो आणि वहिनी दोघंही पुण्यात आयटीत. मे महिन्यात वास्तुशांत झाली, जूनच्या मध्यावर पाऊस लागला, घर बंद झालं आणि अडीच महिन्यांनी उघडलं ते हे असं. हॉलच्या मधोमध सागवानी पट्ट्या तंबूसारख्या वर उचलल्या गेल्या होत्या. भिंतीकडेच्या पट्ट्यांनी स्कर्टिंग उखडून टाकलं होतं. हॉल आणि डायनिंग मिळून ३६० स्क्वेअर फूट, पावणेतीन लाख रुपये. ईएमआय अजून चालू.

दादा पैशांबद्दल अवाक्षर बोलला नाही. पायरीवर बसला आणि म्हणाला, ‘‘आईसाठी केलं होतं गं सगळं.’’

मामीचे गुडघे दुखतात आणि थंडीत टाइल्सवर पाय टेकला की तिच्या कळा डोक्यात जातात. म्हणून इटालियन मार्बलचा बेत रद्द करून त्यानं लाकूड घेतलं होतं. स्टाइल स्टेटमेंट म्हणून नव्हे.

आता तुमच्यापैकी अनेकांच्या लॅपटॉपवर ‘ड्रीम होम’ नावाचा एक फोल्डर आहे, हे मला ठाऊक आहे. त्यात धुक्यातली केबिन आहे, उतरतं छप्पर आहे, कॉफीचा मग आहे आणि मगाखाली चकचकीत वुडन फ्लोअर आहे. फोटो बहुतेक वेळा स्वित्झर्लंड नाहीतर कॅनडाचा असतो. प्लॉट मात्र आपण बघतो तो धोम धरणाच्या काठी, पसरणीच्या वर नाहीतर भिलारच्या आसपास. फोटोतल्या घरात थंडीतही हीटर चालू असतो आणि आत कुणीतरी राहत असतं. आपल्या घरात जून ते सप्टेंबर कुलूप असतं. सगळी भानगड या कुलपात आहे.

बत्तीस किलोमीटर, दोन हवामानं

वाई ते महाबळेश्वर अंतर जेमतेम ३२ किलोमीटर. महाबळेश्वरला वर्षाला साधारण साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि खाली वाईत हजाराच्याही आत. पाचगणी मध्ये लटकलेली. ढग सह्याद्रीच्या माथ्यावर आपलं ओझं रिकामं करतात आणि पुढे पूर्वेकडे निघून जातात, त्यामुळे कृष्णाकाठची वाई पर्जन्यछायेत येते. जुलैत पसरणी घाट चढताना हे डोळ्यांना दिसतं. खाली वायपर बंद असतो, वर हेडलाइट लावूनही पुढची एसटी दिसत नाही.

पण फ्लोअरिंगच्या शोरूममध्ये हा प्रश्न कुणी विचारत नाही. ‘मॅडम, शेड कुठली?’ विचारतात. ‘घर घाटाखाली की घाटावर?’ हे नाही. त्याहून महत्त्वाचं, ‘पावसाळ्यात तिथे कोण राहणार?’ हे तर नाहीच नाही. मला विचाराल तर हे दोन प्रश्न आधी, शेड सगळ्यात शेवटी.

लाकूड कापलं, रंधलं, पॉलिश केलं तरी हवेशी त्याचा व्यवहार चालूच राहतो. हवेत ओल असेल तर ते ओल घेतं आणि रुंदीत फुगतं, हवा कोरडी झाली की ओल सोडतं आणि आकसतं. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही, सगळा खेळ रुंदीचा. हवेतली आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास असली की लाकडातली ओल सात-आठ टक्क्यांवर स्थिरावते. ८० टक्के आर्द्रतेत ती १६च्या घरात जाते. आणि आर्द्रता नव्वदीत गेली, जी बंद घरात डोंगरावर जुलैत आठवडेच्या आठवडे असते, तर २० टक्क्यांपर्यंत.

आता दादाच्या हॉलचं गणित मांडू या, कारण हे गणित त्याला कुणी मांडून दाखवलं नव्हतं. पट्टी १०० मिलिमीटर रुंद. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात बसवली, म्हणजे ओल आठ टक्के. ती १६ झाली की सागवानाची पट्टी साधारण दीड मिलिमीटर रुंद होते. दीड मिलिमीटर म्हणजे किती? रुपयाच्या नाण्याची जाडी. काहीच नाही ना? पण हॉल १२ फूट रुंद, त्यात अशा ३६ पट्ट्या शेजारी शेजारी. ३६ गुणिले दीड, म्हणजे ५४ मिलिमीटर. सव्वादोन इंच जास्तीचं लाकूड त्याच हॉलमध्ये मावायचं होतं आणि कॉन्ट्रॅक्टरनं ‘फिनिशिंग बघा साहेब, एक गॅप नाही’ असं म्हणत भिंतीला भिंत लावून पट्ट्या ठोकल्या होत्या. लाकडाला जायला वाट राहिली ती वरचीच. ते वर गेलं.

आणि हा सागवान होता, हे लक्षात घ्या. फुगण्या-आकसण्यात सागवान हा जगातल्या शहाण्या लाकडांपैकी एक. ज्या व्हाइट ओकवर आपण सगळे फिदा असतो तो इतक्याच ओलीला जवळजवळ दुप्पट हलतो, १०० मिलिमीटरला तीनच्या आसपास. ओक सागवानापेक्षा टणक आहे, खुर्ची ओढली तर चरे कमी पडतात, हे खरं. पण पाचगणीला तुमचं वैर खुर्चीशी नाही.

तो कॉन्ट्रॅक्टर नंतर म्हणाला, ‘‘नॅचरल वूड आहे, थोडंफार होणारच.’’ वाक्याचा पहिला भाग शंभर टक्के बरोबर होता.

मामीची माडी

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही तोंडं पाडून वाईला परत आलो. मामीनं काही विचारलं नाही, चहा टाकला. मग दादाला म्हणाली, ‘‘अरे, पावसाळ्यात तिथं लाकूड कोंडून ठेवायचं का? माणूस कोंडला तरी आजारी पडतो.’’ आणि आम्हाला चहा घेऊन माडीवर जायला सांगितलं, कारण खाली पाहुणे होते.

त्या माडीवर मी लहानपणापासून लोळलेय. त्या संध्याकाळी पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. शंभराच्या आसपास वयाचं घर. जाड तुळया, तुळयांच्या मधले खण, त्यावर फळ्यांची तक्तपोशी. फळ्या कुठे सरळ, कुठे किंचित वाकलेल्या, मधे काडी जाईल एवढ्या फटी. लहानपणी आमचे सागरगोटे, सुया, एकदा तर मामांच्या शर्टाचं बटण या फटींतून खालच्या खोलीत पडलेलं. पॉलिश नाहीच, तळव्यांनीच ती गुळगुळीत झालेली. आणि आख्ख्या माडीवर एकही फळी उचललेली नाही. लाकूड कुठलं? सागवानच. दादाच्या हॉलमधला सागवान वाईट नव्हता आणि मामीच्या माडीवरचा काही देवाघरून आलेला नाही.

फरक बाकी सगळ्यात होता. माडीच्या फळ्यांना खालूनही हवा लागते आणि वरूनही, त्यामुळे दोन्ही बाजू एकाच वेगानं ओल घेतात आणि सोडतात. फटी आहेत, म्हणजे प्रत्येक फळीला अंग पसरायला जागा आहे. खाली चूल, आता गॅस, वर्षभर पेटते. खिडक्या रोज उघडतात. आणि मुळात ती वाई आहे, महाबळेश्वर नाही.

जुन्या लोकांनी लाकूड जमिनीला टेकवलंच नाही. तळमजल्यावर मातीची सारवलेली जमीन नाहीतर दगडी फरशी, लाकूड वरच्या मजल्याला. वाईपासून तीनेक किलोमीटरवर मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. ‘स्वदेस’मुळे (२००४) मेणवलीचा घाट आपल्या पिढीला माहीत झाला, फोटो काढून बहुतेक जण तिथूनच मागे फिरतात. पुढच्या खेपेला वाड्यात जा आणि भित्तिचित्रं बघून झाली की मान अजून थोडी वर करा. लाकडी खांब जमिनीत गाडलेला नसतो, दगडी तळखड्यावर उभा असतो. जमिनीतली ओल आधी दगडाला भेटते, लाकडापर्यंत तिला पोचू दिलेलं नाही. वॉटरप्रूफिंगची एकही बादली न उघडता केलेलं वॉटरप्रूफिंग.

वर महाबळेश्वरातही पावसाळ्याआधी घरांच्या भिंतींना गवताच्या झडी बांधायची पद्धत आहे. आता गवताच्या जोडीला प्लास्टिकही दिसतं. पर्यटकाला ते कळकट वाटतं. भिंत आडव्या पावसात भिजलीच नाही तर आतलं लाकूड, कपडे, पुस्तकं सगळ्यांचाच जीव वाचतो, एवढं साधं लॉजिक त्यामागे आहे.

शोरूममध्ये शिरताना

‘हार्डवुड’ या शब्दानं दबून जाऊ नका. तो टणकपणाचा शिक्का नाही, झाडाच्या जातीचा आहे. रुंद पानांच्या झाडाचं लाकूड ते हार्डवुड, सूचिपर्णी झाडाचं ते सॉफ्टवुड. हाताच्या नखानं दबणारं बाल्सा हेसुद्धा शास्त्रानुसार हार्डवुडच! त्यामुळे सेल्समन ‘प्युअर हार्डवुड’ म्हणाला की लगेच पुढचा प्रश्न टाका, कुठल्या झाडाचं?

दुसरा मोहाचा शब्द ‘बर्मा टीक’. म्यानमारनं १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. तरी ‘बर्मा’चा बोर्ड अजून बऱ्याच दुकानांत दिसतो. आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या लागवडीचा सागवान आपल्याकडे भरपूर येतो आणि तो टाकाऊ असतो असं मुळीच नाही, पण तो बर्माच्या भावानं का घ्यायचा? बिलावर लाकडाचं नाव आणि देश लिहून मागा. फळी हातात घेऊन कडा बघा. मधला सोनेरी-तपकिरी भाग हा गाभा, कडेचा फिकट पांढुरका भाग कच्चा. भुंगा आणि वाळवी आधी त्या पांढुरक्या भागाला लागतात. लागवडीच्या कोवळ्या झाडात हा पांढरा भाग जास्त असतो आणि पॉलिशच्या शेडखाली तो सहज लपतो. म्हणून फळी पॉलिशच्या आधी बघायची.

अजून एक गोष्ट, जी मला एका म्हाताऱ्या सुतारकाकांनी शिकवली. फळीच्या तोंडावर मोठमोठ्या डोंगरांसारखी नक्षी दिसते ती फोटोत देखणी, पण रुंदीत जास्त हलते. सरळ उभ्या रेषांची फळी दिसायला जरा बोअर, पण जवळपास निम्मीच हलते. घाटावर बोअर फळी घ्या.

जुन्या वाड्यांचं लाकूड हा पर्याय आहे आणि पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात चार फेऱ्या मारायची तयारी असेल तर तो मजेशीरही आहे. दशकानुदशकं हवा खाऊन शांत झालेलं लाकूड, अंगावर खिळ्यांचे काळे डाग, प्रत्येक तुकड्याला स्वतःचा चेहरा. पण आतला एखादा राहून गेलेला खिळा करवतीचं पातं खातो, म्हणून मजुरी वाढते. आणि वाळवीनं आतून पोखरलंय का, हे ठोकून, चिरून बघावं लागतं. जुनं आहे म्हणून ओल घेणार नाही, हा मात्र गैरसमज. तेही घेतंच.

इंजिनीअर्ड वूड म्हणजे वर खऱ्या लाकडाचा थर आणि खाली प्लायचे आडवे-उभे थर एकमेकांना चिकटवलेले. थर एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे रुंदीची हालचाल खूपच कमी. पाचगणी-महाबळेश्वरसाठी अख्ख्या लाकडापेक्षा माझं मत याला, अट एकच, वरचा थर निदान चार मिलिमीटर हवा. नाहीतर दहा वर्षांनी घासून नवं करायची वेळ आली की खालचा प्लाय दात दाखवतो. लॅमिनेटबद्दल काय बोलू? ते लाकडाचा फोटो चिकटवलेला दाबीव भुसा आहे. वाईच्या फ्लॅटमध्ये, पुण्याच्या भाड्याच्या घरात ठीक चालतं. डोंगरावरच्या बंद घरात सांध्यांच्या कडा एकदा फुगल्या की त्या परत बसत नाहीत, आणि घासायला आत काही नसतं.

आणि घर चार महिने कुलूपबंद राहणार, वर्षाला मिळून २० दिवस तुम्ही जाणार, चावी सांभाळायला कुणी नाही, अशी परिस्थिती असेल तर? तर लाकूड घेऊ नका. लाकडी छटेच्या टाइल्स घ्या, वर छान सतरंजी अंथरा. फोल्डरमधल्या कॅनडाची माफी मागा आणि वाचलेल्या पैशांत चांगला गीझर घ्या.

दुसऱ्यांदा

दादानं टाइल्स घेतल्या नाहीत. मामीचे पाय होतेच.

सगळ्या पट्ट्या उचलल्या तेव्हा खालचा स्लॅब हाताला गार आणि ओलसर लागला. हा गुन्ह्याचा दुसरा आरोपी. स्लॅब मार्चमध्ये टाकला होता आणि मेमध्ये त्यावर थेट गोंदानं लाकूड चिकटवलं होतं. काँक्रीटची ताकद यायला २८ दिवस पुरतात, पण त्यातलं पाणी उडायला कित्येक महिने लागतात. इंचाला एक महिना, असा ढोबळ हिशेब धरतात, तोही कोरड्या दिवसांचा. घरच्या घरी तपासायची सोपी युक्ती आहे. दीड फुटी जाड प्लास्टिकचा चौकोन स्लॅबवर ठेवायचा, चारी कडा टेपनं बंद करायच्या, दुसऱ्या दिवशी काढायचा. आतून घाम आला असेल किंवा काँक्रीट काळपट पडलं असेल तर सुताराला सुट्टी द्यायची. खर्च शून्य. आमच्या वेळी हे कुणीही केलं नव्हतं.

तिसरा आरोपी दिसायला सगळ्यात उशीर लागला. उतारावरचा प्लॉट कापून घर बसवलं की चढाकडची एक भिंत डोंगराला लागून येते. डोंगरात मुरलेलं पाणी पावसाळाभर, आणि पाऊस थांबल्यावरही काही दिवस, त्या भिंतीच्या पायाशी येत राहतं. हॉलमधलं सगळ्यात जास्त उखडलेलं लाकूड बरोबर त्याच भिंतीकडचं होतं. घराबाहेर त्या भिंतीमागे चर खणून, खडी भरून, भोकांचा पाइप टाकून पाण्याला बाजूनं वाट काढून दिली. फ्लोअरिंगवर लेख आहे आणि मी गटाराबद्दल बोलतेय, माफ करा, पण डोंगरावर फ्लोअरिंगची सुरुवात तिथूनच होते.

मग हॉलमध्ये शहाबादी फरशी घातली, मामीच्या माहेरच्या ओसरीसारखी. लाकूड फक्त एका खोलीत, तळमजल्यावरच्या १२ बाय १२च्या, जिचं नाव ‘आईची खोली’. माडीवर करता आलं असतं, जुन्या पद्धतीप्रमाणे तेच योग्य होतं, पण मामी जिने चढणार कशी? म्हणून तळमजल्यावरच माडीची नक्कल करायची ठरली. हे काम वाईतल्या सुतारकाकांनी केलं, तेच ते बोअर फळीवाले. सुरुवात डिसेंबरमध्ये. का, तर मे महिन्यात लाकूड पार सुकलेलं असतं, त्यामुळे पुढे ते नुसतं फुगतच जातं. पावसाळ्यात बसवलं तर तुडुंब प्यायलेलं असतं आणि उन्हाळ्यात बोटभर भेगा पडतात. दिवाळीनंतरचे दोन महिने हवा मधल्या मापाची असते. लाकडात तेव्हा ११-१२ टक्के ओल असली तर पुढे ते दोन्हीकडे थोडं थोडं हलतं. हे मोजायला दोन टोचण्यांचं छोटं मीटर मिळतं, काकांचा विश्वास अंगठ्यावर होता, दादाचा मीटरवर. दोघांचं उत्तर एक आलं तेव्हा काका खूश झाले. आपल्याकडे इमारती लाकडात किती ओल चालेल, याचं भारतीय मानकही आहे, आयएस २८७. त्यात हवामानाप्रमाणे देशाचे चार विभाग केलेत. म्हणजे एकच आकडा सगळीकडे चालत नाही, हे सरकारदरबारीसुद्धा मान्य आहे.

उचललेल्या पट्ट्यांमधल्या बऱ्या निवडल्या. गोंदानं खराब झालेल्या कडा कापल्या, त्यामुळे १०० मिलिमीटरच्या पट्ट्या ७५च्या झाल्या. नाइलाजानं झालेलं हे काम फायद्याचंच ठरलं. पट्टी अरुंद असली की हालचाल जास्त सांध्यांत वाटली जाते आणि प्रत्येक भेग बारीक राहते. त्या पट्ट्या महिनाभर त्याच खोलीत, मधे रिपांचे तुकडे घालून, रचून ठेवल्या. दुकानातून आणलं आणि दुसऱ्या दिवशी ठोकलं, असं करायचं नाही. खोलीची हवा लाकडाला कळू द्यायची.

तोवर स्लॅब सुकला होता. त्यावर वाळवीचं औषध, त्यावर जाड पॉलिथीन, त्यावर दोन इंची सागवानी रिपा, त्यावर पट्ट्या. मधली पोकळी म्हणजे आमची नकली माडी. दोन समोरासमोरच्या भिंतींपाशी स्कर्टिंगमध्ये जाळीच्या खिडक्या ठेवल्या, म्हणजे पोकळीत हवा खेळती राहते. चारी भिंतींपाशी १२ मिलिमीटर मोकळी जागा, स्कर्टिंगखाली झाकलेली. स्कर्टिंग भिंतीला ठोकलेलं, फळीला नाही. फळीला ठोकलं की तिला पुन्हा जखडलं. खिळे पट्टीच्या जिभेतून तिरके मारले, म्हणजे वरून दिसत नाहीत आणि पट्टी खिळ्याभोवती थोडी सरकू शकते. पॉलिशचा एक हात पट्ट्या बसवायच्या आधीच खालच्या बाजूनंही मारला. पॉलिश ओल थांबवत नाही, फक्त तिची घाई कमी करतं. एकाच बाजूला मारलं तर दोन बाजू वेगवेगळ्या वेगानं पितात आणि पट्टी ताटलीसारखी वाकते.

वरून चकचकीत पीयू मारायचं की तेल, यावर वहिनी आणि काकांचं आठवडाभर चाललं. काकांचं म्हणणं, दारं-खिडक्यांना आपण पिढ्यान्‌पिढ्या बेलतेलाचा हात देत आलो, जमिनीला का नको? पीयूची फिल्म टिकाऊ, पुसायला सोपी, पण एका जागी सोलली की पूर्ण खोली घासावी लागते. तेलाला दर वर्षा-दोन वर्षांनी हात द्यावा लागतो, पण डाग पडला तेवढाच भाग दुरुस्त होतो. तेल जिंकलं. एक धोक्याची सूचना मात्र, तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून मगच फेकायचे.

रिपा आणि फळ्या मिळून खोलीची जमीन अडीच इंच वर आली आणि दारात नवी पायरी तयार झाली. म्हणजे ज्या गुडघ्यांसाठी हा खटाटोप, त्यांनाच ठेच. हे कागदावर कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, इंजिनीअर मुलाच्याही नाही. काकांनी उरलेल्या पट्ट्यांचा हातभर लांबीचा उतार करून दिला. पैसे घेतले नाहीत.

चावी कुणाकडे?

खिडक्या उघडून हवा खेळती ठेवा, हा सल्ला वाईत अगदी योग्य आहे. पाचगणीत जुलैमध्ये तोच सल्ला उलटा बसतो. तुम्ही खिडकी उघडता आणि ढग आत येतो. तिथे धुक्याच्या दिवसांत घर बंद ठेवून आतली ओल बाहेर काढायला लागते. दादानं डीह्युमिडिफायर बसवला. तो पाण्याची टाकी भरली की बंद पडतो, म्हणून नळी थेट बाथरूमच्या जाळीत सोडली. लाइट जाऊन आली की आपोआप सुरू होणारंच मॉडेल घ्यावं लागलं, कारण घाटावर पावसात लाइट जाणं हा अपवाद नसतो. शेजारच्या बंगल्यावरचे वॉचमनकाका दर दोन दिवसांनी जाऊन हायग्रोमीटरचा फोटो व्हॉट्सअॅप करतात. ६५च्या वर आकडा गेला की दादाचं पुण्यात लक्ष लागत नाही. क्लाएंट कॉलमध्ये मधेच ‘काका, लाइट आहे का?’ विचारणारा मॅनेजर तुम्हाला भेटला तर तो आमचा दादा.

डीह्युमिडिफायरची वीज, वॉचमनकाकांचे पैसे, दोन वर्षांनी तेलाचा हात, हे सगळं धरलं तर ती एक खोली स्वस्त पडलेली नाही. वहिनी हे अधूनमधून बोलून दाखवते आणि ते खरंच आहे.

मामी पावसाळ्यात वर राहायला जात नाही ते नाहीच. ‘‘ढगात काय बघायचं?’’ दिवाळीचा फराळ संपला की जाते, होळीपर्यंत राहते. मागच्या एप्रिलमध्ये मी तिच्या खोलीत झोपले होते. सकाळी जमिनीवर बसून चहा पिताना चाळा म्हणून माझं व्हिजिटिंग कार्ड दोन पट्ट्यांमधल्या भेगेत घातलं तर ते सरळ उभं राहिलं. पुढे ऑगस्टमध्ये आठवणीनं पुन्हा घालून बघितलं. त्याच भेगेत कार्डाचा कोपरादेखील शिरला नाही. दार मात्र उघडत होतं.